मार्फत नसलेला पत्ता

गावात कुणी मेलं की आमच्या घरी चूल पेटायची. वाचायला वाईट वाटतं, पण तसंच होतं, म्हणून तसंच लिहितो.

माझा बा निरोप्या होता. मयताची खबर सोयऱ्यांच्या गावी पायी जाऊन सांगायची, हे काम आमच्या घराकडं बापजाद्यांपासून चालत आलेलं. मानवत, पाथरी, जिंतूर आणि मधली बारकी खेडी, सगळ्या वाटा त्याच्या पायाखालच्या. खबर सांगितली की तिथल्या घरून भाकरी मिळायची आणि गावी परत आलं की मयताच्या घरून दोन शेर जवारी. माय कापूस वेचायला जायची, पण कापूस काही बारा महिने नसतो. दुष्काळाच्या सालात तर शेतात वेचायला काहीच नव्हतं. माय आणि माझ्या दोघी बहिणी सडकेवर खडी फोडायला गेल्या. मी तेव्हा परभणीला कॉलेजात होतो, वसतिगृहात दोन वेळा जेवत होतो. सुट्टीत घरी आलो की मायच्या हातावरचे फोड दिसायचे.

धर्म बदलला तेव्हा वस्तीनं बसून ठरवलं होतं, मेलेली जनावरं ओढायची नाहीत. ते सुटलं ते सुटलंच. निरोप मात्र राहिला. जाणती माणसं म्हणाली, हे काही घाण काम नाही, माणुसकीचं काम आहे. आणि खरं सांगायचं तर तेही सोडलं असतं तर खायचं काय, हा प्रश्न होता.

त्या कामाला रीत होती. निघालं की वाटेत कुणाला काही बोलायचं नाही. कुणी विचारलं, कुठं निघालास, तरी नुसतं पुढं बोट दाखवायचं. ज्या घरी खबर द्यायची, त्या घरी खबर सांगितल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. आणि आत जायचं नाही. अंगणाच्या कडेला उभं राहून मयताचं पुरतं नाव घ्यायचं, कुणाचा कोण, कुठला, कधी गेला, माती कधी. एक शब्द इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही. लिहिता वाचता न येणाऱ्या माझ्या बाला अख्ख्या तालुक्याची नाती तोंडपाठ होती. कुणाची आत्या कुठं दिली, कुणाचा सासरा कुठल्या वाड्यातला, सगळं.

त्याचं स्वतःचं नाव मात्र गावात कुणी घेत नव्हतं. "ए निरोप्या", एवढंच. वस्तीत धाकटी माणसं दादा म्हणायची, थोरली "आरं ए" म्हणायची. मला गावात कुणी विचारलं, "कुणाचा रं तू?" की मी सांगायचो, "निरोप्याचा." लहानपणापासून तोंडात बसलेलं उत्तर. त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही.

कॉलेजातला पहिला दिवस मला आठवतो तो हजेरीमुळं. सर पुरतं नाव घ्यायचे. माझं नाव, मग बाचं नाव, मग शाळेत गुरुजींनी लावलेलं आडनाव. कोट घातलेला माणूस मोठ्यानं माझ्या बापाचं नाव घेतोय, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. मी "हजर" म्हणायचंच विसरलो. सरांनी परत नाव घेतलं. मागून कुणीतरी हसलं. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात घुसली ती कायमची. आम्ही गावात होतो, खात होतो, चालत होतो, पण ते नुसतं असणं होतं. गावानं आम्हाला माणसात धरलेलं नव्हतं.

सुट्टीत आलो तेव्हा बाला विचारलं. तो वहाणेला टाका घालत बसला होता.

"बा, तुला लोक नावानं हाक कामून मारत न्हाईत?"

"हाक मारत्यात न्हवं? मग झालं की."

"पर नाव?"

"नाव काय भाकरीसंगं खायाचंय?" त्यानं दोरा दातानं तोडला. "जगायलो की आपुन."

चुलीपाशी माय पदर तोंडाला लावून हसली. "मला इचारू नगंस बाबा. म्या तर लग्नात एकदा नाव घेतलं, आता घेत न्हाई."

मीही हसलो. पण बाचं ते "जगायलो की" मला आवडलं नाही.

बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली आणि वसतिगृह सोडायची वेळ आली, तेव्हा जिल्ह्याच्या एका कार्यालयात कारकुनाच्या जागा निघाल्या. मी आणि माझ्या खोलीतला मित्र, दोघांनी अर्ज केले. मित्र पाथरीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. अर्जात पत्त्याचा रकाना आला तसं त्यानं मला सांगितलं, "मार्फत लिही. न्हाईतर पत्र पोचत न्हाई."

तो म्हणत होता ते खरं होतं. आमच्या गावी टपाल मानवतहून यायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. टपालवाला सायकल घेऊन किराणा दुकानाच्या ओट्यावर बसायचा, तिथंच नावं वाचायचा. आमच्या वस्तीत तो येत नसे. वस्तीतल्या कुणाचं पत्र यायचंच झालं तर पत्त्यावर "मार्फत" लिहून दुकानदाराचं नाव घालायची पद्धत होती. मग ते पत्र दुकानात पडून राहायचं. मिठाला, तेलाला कुणी गेलं की दुकानदार ते पुड्यासंगं द्यायचा. कधी आठवणीनं, कधी चार दिवसांनी. कधी उघडून, सगळ्यांना वाचून दाखवून.

"मी मार्फत लिहिणार न्हाई," मी म्हणालो.

"आरं, नोकरीचा सवाल हाय."

"नोकरी माझी, पत्ता बी माझा."

माझं नाव, बाचं नाव, आडनाव, बौद्धवाडा, गाव, तालुका. एवढं लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत त्याच्याकडं बघत बसलो. लय अभिमान वाटला. त्या अभिमानात एक साधी गोष्ट सुचली नाही, की ज्या गावाचा पत्ता लिहिला त्या गावाला हे नाव माहीतच नाही.

गावी आलो आणि वाट बघणं सुरू झालं. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. मी दुकानासमोरच्या लिंबाखाली उभा राहायचो. ओट्याजवळ जायचो नाही, आणि कशाची वाट बघतोय ते कुणाला सांगायचो नाही. नावं वाचून व्हायची, टपालवाला थैली गुंडाळायचा. नाही आलं. परत चार दिवस. अर्ज पोचला का, सही राहिली का, अशा एकेक शंका. कुणी ठसकलं तरी दचकायचो.

दुकानदार तागडी हातात धरून ओरडायचा, "काय सायेब, उनात कामून हुबे? काई पायजे का?"

"काई न्हाई शेटजी. असंच."

असंच! विचारलं असतं, सांगितलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला त्याच्या तोंडून "मार्फत" ऐकायचं नव्हतं.

घरी बा काही विचारायचा नाही. फक्त एका शुक्रवारी म्हणाला, "तुझं कालवण निवतंय. कशाची येवढी काळजी करायलास?"

"निकालाची," मी सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

निकाल लागला त्या दिवशी मी परभणीला गेलो. फलकावर नंबर दिसला, दुसरा वर्ग. मी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा शेजारच्या पोराला बघायला लावला. गुणपत्रिका मिळायला वेळ होता. एक दिवस मित्राच्या ओळखीनं राहिलो आणि शनिवारी घरी आलो. मायनं कानशिलावर बोटं मोडली. बा म्हणाला, "म्हंजी आता शिकायचं सरलं का?"

"सरलं."

"बरं झालं. लय दिवस लागले."

एवढंच बोलला, पण सांजच्याला वस्तीत सगळ्या घरी जाऊन आला. आणि रीतीप्रमाणं बाहेरच उभा राहून सांगून आला. सवय ती.

मंगळवारी परत लिंबाखाली. काही नाही. मग गुरुवारी दुपारी पाथरीचा मित्र भाड्याची सायकल मारत थेट आमच्या अंगणात आला. घामानं निथळत होता.

"तुझी मुलाखत कवा हाय?"

"कशाची मुलाखत?"

"आरं, सोमवारी! मला पत्र येऊन आठ दिस झाले. तुला न्हाई आलं?"

मी म्हणालो, तसाच येतो सोमवारी, तोंडी सांगतो. त्यानं त्याचं पत्र काढून दाखवलं. खाली लिहिलं होतं, हे पत्र सोबत आणल्याखेरीज आत घेतलं जाणार नाही.

"तू मार्फत लिहिलं न्हाईस न्हवं," तो हळूच म्हणाला. मायनं त्याला पाणी दिलं, ते पिऊन तो गेला.

बानं सगळं ऐकलं होतं. "पत्र म्हंजी निरोपच न्हवं?" तो म्हणाला. "निरोप निघाला तर कुठं तरी पोचला आसंल. वाटंत मरत नसतो निरोप. उद्या मानवतला जाऊ."

शुक्रवारी सकाळची भाकरी खाऊन दहाच्या सुमाराला निघालो. बा पुढं, मी मागं. त्याची चाल मला धरवेना. सगळ्या वाटेनं तो एक शब्द बोलला नाही. समोरून येणाऱ्या एकानं विचारलं, "निरोप्या, कोण गेलं रं?" बानं नुसतं पुढं बोट दाखवलं.

टपाल कचेरीत एक बाबू चष्मा कपाळावर चढवून बसला होता. बा पायरीवरच थांबला. मी आत जाऊन नाव सांगितलं. बाबूनं फळीवरचा गठ्ठा काढला, वरची चार पत्रं बाजूला केली आणि पाचवं माझ्यापुढं धरलं. माझंच. वर तांबड्या शाईत आडवं लिहिलेलं होतं : "या नावाचा इसम गावात नाही."

तारीख मागच्या शुक्रवारची. ज्या दिवशी मी परभणीला फलकावर माझा नंबर बघत होतो, त्या दिवशी.

"मला द्या," मी म्हणालो. "मीच तो."

"कशावरून?"

"मीच सांगतोय न्हवं."

"सांगायला कुणीही सांगंल. नोकरीचं सरकारी पत्र आहे. कागद दाखवा काही."

माझ्याजवळ कागद नव्हता. गुणपत्रिका यायची होती, वसतिगृहाचं ओळखपत्र जमा केलेलं, शाळेचा दाखला कॉलेजात. अंगावर सदरा होता आणि बी.ए.ची पदवी होती, पण ती दिसत नव्हती.

"मग मानवतमधला घरदारवाला माणूस आणा ओळख द्यायला," बाबू म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "सात दिवस ठेवतो आम्ही. आज सातवा. तीनच्या थैलीत हे परत जाणार. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. मानवतात मी कुणाला ओळखत नव्हतो. मागं वळलो तर पायरीवर बा नव्हता.

तो कुठं गेला ते कळेना. बाहेर आलो, रस्ता दोन्ही बाजूंनी बघितला, परत आत आलो. कंटाळून निघून गेला असंल, भिऊन गेला असंल, काय वाट्टेल ते मनात आलं. माझा त्याच्यावर भरवसा नव्हता, हे आज लिहिताना लाज वाटते. अडीच झाले. बाबू पत्रांवर ठप्पे मारायला लागला. पावणेतीन झाले. त्यानं थैलीचं तोंड आवळायला सुतळी काढली, लाख वितळवायला मेणबत्ती लावली. माझं पत्र अजून टेबलाच्या कडेला होतं. हात लांबवला असता तर हातात आलं असतं. मी माझा हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

तेवढ्यात पायरीवर वहाणा वाजल्या. बा एका म्हाताऱ्याला घेऊन आला होता. धोतर, टोपी, हातात काठी. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, आडत दुकानाचा मालक. त्याची थोरली बहीण आमच्या गावात दिलेली होती. ती गेली तेव्हा बाच खबर घेऊन त्याच्या दारी आला होता. पुढं दाजी गेला तेव्हाही. आज बा पहिल्यांदा त्या अंगणात स्वतःचं काही मागायला उभा राहिला असणार.

बाबू खुर्चीवरून उठला. "या काका, तुम्ही कसे?"

"ह्या पोराची वळख द्यायला आलो. ह्येच्या बाला म्या लय वर्सांपासून वळखतो. त्येचा पोरगा हाय ह्यो."

"यांच्या वडलांचं नाव काय?" बाबूनं पत्र समोर धरलं. "नाव जुळलं पाहिजे."

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग बाकडं वळला. "आरं, खरंच की. तुझं नाव काय रं?"

मेणबत्तीवर लाख तडतडत होती. मला वाटलं, संपलं. घड्याळात पाच मिनिटं राहिली होती.

बा पायरीवर उभा होता. त्यानं वहाणा काढल्या, उंबरा ओलांडला आणि आत आला. हात जोडले नाहीत. मयताच्या घरी उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला आणि त्याच आवाजात सांगितलं. स्वतःचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, गाव, बौद्धवाडा. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "आन् ह्यो माझा थोरला लेक. बी.ए. झालाय. जिता हाय."

ते आडनाव त्याला कधी कळलं, मला माहीत नाही. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

बाबू पत्रावरच्या नावावर बोट ठेवून ऐकत होता. "जुळतंय," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याकडं बघितलं. "काका, खात्री आहे ना?"

"खात्री?" म्हातारा काठी आपटून म्हणाला. "आरं बाबा, ह्यानं मेला म्हणून सांगितलेला माणूस आजवर एक बी जिता निघाला न्हाई. जिता हाय म्हंतोय, तर जिताच आसंल!"

बाबू हसला, बा हसला. मला हसू आलं नाही, माझं लक्ष पत्रावर होतं. म्हाताऱ्यानं वळणदार सही केली, मी सही केली, आणि पत्र माझ्या हातात आलं. मागं बाबूनं थैलीवर लाख ओतली.

बाहेर म्हातारा बाला म्हणाला, "इतकी वर्सं आलास गेलास, मीच कवा इचारलं न्हाई. चल दुकानात, च्या घे. आत बसून घे."

"आज न्हाई," बा म्हणाला. "पोराला घाई हाय. फुडल्या बाजारी येतो."

पुढच्या बाजारी तो गेला होता. आत बसला की नाही, ते मी विचारलं नाही.

गावात पोचल्याबरोबर मी दुकानात गेलो. पत्र ओट्यावर आपटलं. "शेटजी, ह्या नावाचा माणूस गावात न्हाई म्हणून तुमीच सांगितलं ना?"

त्यानं तांबडी शाई वाचली. त्याचा चेहरा खरंच गोंधळला. "आरं, त्यो नाव वाचत व्हता, म्या तागडीत व्हतो. म्हनलं न्हाई ब्वा. मला काय ठाव हे तुझं नाव? आमी तुला निरोप्याचा पोरगाच म्हनतो. तू बी तसंच सांगतूस की!"

मी शिव्या ठरवून आलो होतो, त्या तोंडातच राहिल्या. त्यानं मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मुद्दाम करायला आधी माहीत तरी असावं लागतं. आणि तो म्हणत होता ते खोटं कुठं होतं? कॉलेजात हजेरीला ऐकलेलं नाव मी एवढी वर्षं वहीत जपून ठेवलं होतं. गावात एकदाही मोठ्यानं घेतलं नव्हतं.

मग घेतलं. तिथंच, ओट्यासमोर, चार माणसं मिठाला आली होती त्यांच्यादेखत. बाचं पुरतं नाव. "लक्षात ठेवा," म्हणालो. एक जण म्हणाला, "लईच मोठ्ठं हाय की रं!" आणि सगळे हसले. हसू द्या म्हणालो.

सोमवारी मुलाखत झाली. तीन साहेब होते. एकानं विचारलं, "वडील काय करतात?" मी आधी बाचं नाव सांगितलं, मग काम. मयताची खबर पायी जाऊन सांगतात, म्हणालो, आणि आजवर एकही चुकीची सांगितली नाही.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते माझं मला माहीत. दर मंगळवारी, दर शुक्रवारी परत तसंच वाट बघणं. फक्त आता मी लिंबाखाली नाही, ओट्याला टेकून उभा राहायचो.

पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी मी ओट्यावर नव्हतो, सरपण फोडत घरीच होतो. वस्तीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. टपालवाला गाऱ्याचिखलातून सायकल ढकलत आमच्या अंगणापर्यंत आला आणि त्यानं माझं पुरतं नाव वाचलं. बा आमच्या घरच्या ओट्यावर बसला होता. त्यानं हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "आमीच ते. आत या, पानी घ्या."

नेमणुकीचा हुकूम होता. मी परभणीला कारकून म्हणून रुजू झालो. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर आणि पहिला सरकारी नोकर मी झालो, आणि त्या दिवसानंतर आमच्या घरचं एकही पत्र कुणाच्या मार्फत आलं नाही.